दही आधी, प्रतिकारशक्ती नंतर

अँटिबायोटिक लिहून दिलं की हल्ली त्याच चिठ्ठीवर प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंची, पुडी किंवा छोटी कुपीही असते. केमिस्ट 'पोटासाठी आहे' म्हणतो आणि जाहिरात 'इम्युनिटी' म्हणते. यातलं केमिस्टचं म्हणणं जुनं. इम्युनिटीची गोष्ट बरीच नंतरची.

गंमत अशी, की दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच माणूस आहे. १८८२मध्ये इटलीतल्या मेसिना गावी जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी बागेतले गुलाबाचे काटे तोडून तारामाशाच्या पारदर्शक अळीत टोचले. सकाळी पाहतात तर काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या! जंतू गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्यांना १९०८चं नोबेल पॉल एर्लिख यांच्यासोबत विभागून मिळालं. तोवर ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बसून आंबवलेल्या दुधाचे गोडवे गाऊ लागले होते. पण दह्याची शिफारस करताना त्यांची भिस्त आंबटपणावर होती. लॅक्टिक आम्लामुळे मोठ्या आतड्यातले कुजवणारे जंतू दबतील, असा त्यांचा हिशोब होता.

१९१७मध्ये जर्मनीत आल्फ्रेड निस्ले यांनी वेगळीच वाट धरली. भोवतालचे सैनिक जुलाबाने आडवे होत असताना एक सैनिक ठणठणीत होता. त्याच्या विष्ठेतून त्यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा एक वाण वेगळा काढला, तो आजही औषध म्हणून विकला जातो. चांगले जंतू जागा अडवून बसतात, वाईटांना शिरकाव मिळत नाही, हा त्यामागचा विचार. त्याला भक्कम आधार मिळाला १९५४मध्ये. एरवी उंदरांना साल्मोनेला या रोगजंतूची लागण व्हायला लाखभर जंतू लागत. स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक पाजून आतड्यातले नेहमीचे जंतू हटवल्यावर दहाहून कमी पुरले.

प्रतिकारशक्ती या कथेत खऱ्या अर्थाने आली ती त्यानंतर. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जंतूंची चाहूल घेतात, जंतुनाशक प्रथिनं सोडतात. आयजीए नावाची प्रतिपिंडं जंतूंना चिकटून त्यांना अस्तरापासून दूर ठेवतात. निस्लेंच्या वाणाची शेपटी अस्तराला डिफेन्सिन हे असंच जंतुनाशक प्रथिन तयार करायला लावते, हे आता माहीत आहे. पण २०१३मध्ये उंदरांत असंही दिसलं, की हाच वाण साल्मोनेलाच्या तोंडचं लोह पळवतो. म्हणजे सगळं श्रेय प्रतिकारशक्तीला देऊन चालत नाही. शिवाय एका वाणाचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही. शेजारच्या काकूंकडून आणलेल्या विरजणात कोणता वाण आहे, हे तर कोणीच सांगू शकणार नाही. २००१ची संयुक्त राष्ट्रांची प्रोबायोटिकची व्याख्याही सावध आहे: पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, बस. प्रतिकारशक्ती हा शब्द तिच्यात नाही.

माणसांतले निकाल संमिश्र आहेत. कोलकात्यात १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांना जपानी वाणाचं पेय किंवा तसंच दिसणारं साधं पेय दिलं. प्रोबायोटिकच्या गटात जुलाब १४ टक्क्यांनी कमी झाले. ओडिशात ४,५५६ नवजात बाळांवरच्या प्रयोगात रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं, तेही आठवडाभराच्या डोसने. उलट नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांत प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मृत्यू जास्त निघाले: १६ टक्के, दुसऱ्या गटात ६. आणि २०१८मध्ये अमेरिकेत जुलाब झालेल्या ९७१ लहान मुलांपैकी निम्म्यांना सर्वात जास्त खपणाऱ्या वाणांपैकी एक दिला, निम्म्यांना नकली पूड. दोन्हीकडे जुलाब थांबायला साधारण ५० तासच लागले.