विनाइल वॉटरप्रूफ असतं, त्यावरची शाई नाही

"विनाइलवर छापलं की स्टिकर वॉटरप्रूफ झालाच," हे सांगलीत घरची काकवी, हळद, बेदाणे विकणाऱ्या बायकांकडून मी कितीदा तरी ऐकलंय. हे अर्धंच खरं आहे.

विनाइल म्हणजे प्लॅस्टिक, ते पाणी पीत नाही. पण घरच्या बऱ्याच इंकजेट प्रिंटरमध्ये डाय शाई (पाण्यात विरघळलेल्या रंगाची) असते आणि ती पाण्यात सुटते. काकवीच्या चिकट बाटलीवरून मी ओलं फडकं फिरवलं, तर निळ्या अक्षरांचा रंग बोटांना लागला. खालचं विनाइल मात्र जसंच्या तसं! पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) पाण्यात आणि उन्हात जास्त टिकते, तरी घासलं की तीही झिजते.

म्हणून वरून पारदर्शक लॅमिनेशन हवंच, तेही थंड, चिकटवायचं. गरम लॅमिनेटरमध्ये विनाइल आकसतं. शाई पूर्ण वाळू द्या, मग फिल्म लावा, मग स्टिकर कापायच्या मशीनमध्ये कापा. चकचकीत फिल्मवर मशीनचा सेन्सर कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या, कोपऱ्यात छापलेल्या खुणा वाचताना चुकतो, त्यामुळे खुणा उघड्या ठेवा किंवा मॅट फिल्म घ्या.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कडेकडे. कापलेल्या कडेला शाई उघडी पडते आणि पाणी तिथूनच शिरतं. चित्राभोवती दोनेक मिलिमीटर कोरी पट्टी सोडा, कोपरे गोल ठेवा; टोकदार कोपरा आधी उचकटतो. बाटलीवर तेलाचा हात लागलेला असेल तर आधी स्पिरिटने पुसा, आणि स्टिकर लावल्यावर एक दिवस तरी ती धुऊ नका. डिंक धरायला तेवढा वेळ लागतो.