इलेक्ट्रोलाइट अ‍ॅडिटिव्ह : लिथियम-आयन बॅटरीतील इलेक्ट्रोडचे संरक्षण

लिथियम-आयन सेलच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये अगदी थोड्या प्रमाणात, बहुधा वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत, मिसळली जाणारी आणि इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर संरक्षक थर बसवणारी रसायने म्हणजे इलेक्ट्रोलाइट अ‍ॅडिटिव्ह. त्यांच्यामुळे सेलचे व्होल्टेज वाढत नाही; सेल किती वर्षे टिकेल हे मात्र बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात त्यांची निवड जास्तच कसोटीची होते, कारण थंड हवेत गुणकारी असलेली काही अ‍ॅडिटिव्ह उकाड्यात उलटतात.

मूळ इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमध्ये लिथियम आयन वाहून नेणारा द्रव, साधा असतो: इथिलीन कार्बोनेट आणि डायमिथिल किंवा इथिल मिथिल कार्बोनेट यांच्या मिश्रणात विरघळवलेले लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हे क्षार. इथिलीन कार्बोनेटचा वितळणांक सुमारे ३६ अंश सेल्सिअस. नागपुरातल्या एखाद्या बिनएसीच्या खोलीत डिसेंबरात त्याची बाटली दगडासारखी घट्ट असते आणि नवतपात हात न लावता पातळ होते. सेलचा ऋण इलेक्ट्रोड (अ‍ॅनोड) बहुधा ग्रॅफाइटचा असतो. चार्ज झालेल्या ग्रॅफाइटचा विभव धातुरूप लिथियमच्या तुलनेत जेमतेम ०.१ व्होल्ट असतो. एवढ्या खालच्या विभवाला कोणताही कार्बोनेट द्रावक तग धरत नाही; साधारण ०.८ व्होल्टलाच इथिलीन कार्बोनेटचे विघटन सुरू होते. सुदैव असे की त्या विघटनातून निघालेली द्रव्ये ग्रॅफाइटवर काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतात. त्यातून लिथियम आयन जातात, इलेक्ट्रॉन जात नाहीत, म्हणून पुढचे विघटन मंदावते. हा थर एसईआय (सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज) या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याची कल्पना इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये मांडली. प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये ग्रॅफाइटचे थर सोलून निघतात, इथिलीन कार्बोनेटमध्ये मात्र ते शाबूत राहते, हे फाँग, फॉन सॅकेन आणि जेफ डान यांनी १९९० मध्ये दाखवले. या दोन रेणूंत फरक आहे तो एका मिथिल गटाचा. सोनीने १९९१ मध्ये पहिला व्यावसायिक सेल बाजारात आणला तेव्हा त्यात ग्रॅफाइट नव्हते, दुसऱ्या प्रकारचा कार्बन होता.

एसईआय फुकट बनत नाही. पहिल्याच चार्जिंगमध्ये सेलमधल्या लिथियमचा दहा टक्क्यांपर्यंतचा हिस्सा त्यात कायमचा अडकू शकतो. वर हा नैसर्गिक थर असमान आणि ठिसूळ असतो. अ‍ॅडिटिव्हचे काम इथून सुरू होते. द्रावकाच्या आधी स्वतःचे विघटन होऊ देऊन ती अधिक चिवट थर बसवतात. सर्वांत रुळलेले उदाहरण व्हायनिलीन कार्बोनेटचे. त्याचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असते. इथिलीन कार्बोनेटच्या आधीच त्याचे क्षपण होते (ते इलेक्ट्रॉन घेऊन विघटित होते) आणि त्याच्या दुहेरी बंधामुळे बहुवारिकासारखा (पॉलिमरसारखा) लवचीक पापुद्रा तयार होतो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलमध्येही ते सर्रास वापरतात. कारखान्यात सेलचे पहिले चार्जिंग मुद्दाम कूर्मगतीने करतात, ते हा थर नीट बसावा म्हणून. ही पायरी उत्पादनातल्या सर्वांत वेळखाऊ पायऱ्यांपैकी एक आहे, आणि घाई केली तर तिचे परिणाम वर्षा-दोन वर्षांनी ग्राहकाला दिसतात.

थर किती चांगला, हे मोजायची एक पद्धत म्हणजे प्रत्येक चक्रात, म्हणजे एका चार्ज-डिस्चार्जमध्ये, किती लिथियम परत मिळते ते पाहणे. दर वेळी ९९.९ टक्के परत आले तर ऐकायला उत्तम वाटते, पण हिशेब मांडला की १००० चक्रांनंतर ३७ टक्केच उरते. ९९.९९ टक्के आले तर ९० टक्के. दशांशाच्या या शेवटच्या घरासाठी कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात डान यांच्या गटाने अतिशय अचूक मोजमाप करणारे चार्जर उभे केले आणि दोन-तीन अ‍ॅडिटिव्हांची मिश्रणे एकेकटीपेक्षा सरस ठरतात हे दाखवले.

सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅनोडला फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट लागते. सिलिकॉन लिथियम घेताना सुमारे तिप्पट-चौपट आकारमानाचा होतो, थर तडकतो आणि पुन्हा बसवावा लागतो. सारवलेल्या अंगणाला उन्हाने भेगा पडल्या की परत शेणकाला फिरवावा लागतो, तशातला प्रकार. या अ‍ॅडिटिव्हचा साठा संपेपर्यंत सेल ठीक चालतो, संपला की क्षमता एकदम कोसळते. शिवाय गरम हवेत हेच रसायन क्षाराच्या सान्निध्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल सोडते. थंड देशासाठी ठरवलेले प्रमाण विदर्भात जसेच्या तसे उचलणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

उष्णतेचा मूळ गुन्हेगार मात्र क्षारच आहे. लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट तापले की त्यातून फॉस्फरस पेंटाफ्लुओराइड सुटते आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये उरलेल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. ओलावा दशलक्षात काही भाग इतका कमी ठेवूनही ही क्रिया पुरती थांबत नाही. ५५-६० अंशांच्या पुढे ती झपाट्याने वाढते, आणि भर उन्हात लावून ठेवलेल्या स्कूटरचा पॅक हवेपेक्षा जास्तच तापतो.

हे आम्ल कॅथोडमधले, म्हणजे धन इलेक्ट्रोडमधले, मँगनीज विरघळवते. नागपूरकरांना मँगनीज परके नाही: ‘मॉइल’ या सरकारी कंपनीचे मुख्यालय शहरातच आहे, खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत आहेत आणि भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्गला कोरड्या सेलसाठी इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड तयार होते. कॅथोड म्हणून लिथियम मँगनीज ऑक्साइड स्वस्त, सुरक्षित आणि भरपूर करंट देणारे. पण त्यातून सुटलेले द्विसंयुजी मँगनीज आयन इलेक्ट्रोलाइटमधून पोहत समोरच्या ग्रॅफाइटवर जाऊन बसतात आणि तिथला एसईआय बिघडवतात. दुखणे कॅथोडचे, मार अ‍ॅनोडला. निसान लीफच्या सुरुवातीच्या मोटारींत मँगनीजप्रधान कॅथोड होता. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी उन्हाळ्यात क्षमता लवकर घटल्याच्या तक्रारी २०१२ मध्ये आल्या आणि कंपनीने २०१५ च्या मॉडेलपासून उष्णता अधिक सोसणारी बॅटरी दिली. नागपुरात टॅक्सीसाठी विजेवरच्या गाड्यांचा मोठा प्रयोग सुरू झाला तो मे २०१७ मध्ये, म्हणजे ऐन कडाक्यात.

यावर दोन प्रकारची अ‍ॅडिटिव्ह वापरतात. काही आम्लाला किंवा ओलाव्याला जागीच धरतात, उदाहरणार्थ सिलिल गट असलेली फॉस्फाइटे. काही कॅथोडवरच पातळ थर चढवतात. लिथियम बिसऑक्झॅलाटोबोरेट आणि लिथियम डायफ्लुओरोफॉस्फेट ही त्यांतली नावे. मोबाइलमधल्या जास्त व्होल्टेजच्या कोबाल्ट कॅथोडसाठी सक्सिनोनायट्राइल व अ‍ॅडिपोनायट्राइल चालतात. ती पृष्ठभागावरच्या धातूला चिकटून द्रावकाला त्याच्यापासून दूर ठेवतात. १,३-प्रोपेन सल्टोन सेलमध्ये गॅस साचणे कमी करते, पण ते कर्करोगजनक असल्याने हाताळणाऱ्या कामगारांच्या दृष्टीने त्रासाचे आहे.

जास्त घातले म्हणजे जास्त फायदा, असे इथे नाही. व्हायनिलीन कार्बोनेट वाढवले की थर जाड होतो आणि आतला रोध वाढतो. मग नागपूरच्या जानेवारीतल्या सकाळी जलद चार्जिंग करताना लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचण्याचा धोका असतो. म्हणजे एकाच शहराला ४५ अंशांचा आणि ८-१० अंशांचा असे दोन्ही हिशेब सांभाळणारे मिश्रण लागते.

सुरक्षेसाठीच्या अ‍ॅडिटिव्हांचे काम वेगळे. बायफिनाइल साधारण ४.५ व्होल्टला बहुवारिक बनून अतिचार्ज होणाऱ्या सेलला अडवते. आग रोखणारी फॉस्फेटे मात्र पुरेशा मात्रेत घातली की ग्रॅफाइटला मानवत नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेवरच्या स्कूटरना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ या वाहनांच्या बॅटरी-सुरक्षेच्या मानकात सेल, पॅक, बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) आणि चार्जर यांबाबतच्या अटी कडक झाल्या व त्या डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या.

इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीत उन्हाळ्याच्या तोंडावर डिस्टिल्ड वॉटर टाकायची सवय घरोघरी आहे. लिथियम सेलला पाणी हेच विष, आणि तो कारखान्यातच कायमचा बंद झालेला असतो. पॅक दुरुस्त करणारे बीएमएस बदलतात, मेलेले सेल काढून नवे वेल्ड करतात. आतल्या अ‍ॅडिटिव्हला हात लावता येत नाही. ती बहुतांशी पहिल्या काही चार्जिंगमध्येच थराच्या रूपात बसलेली असतात, आणि जुन्या सेलमधला इलेक्ट्रोलाइट तपासला तर व्हायनिलीन कार्बोनेटचा पुष्कळदा मागमूसही सापडत नाही.