झोपेत दात खाण्याचा जंतांशी संबंध नाही

मूल झोपेत करकर दात खाऊ लागलं, की 'पोटात जंत झालेत' असं निदान करून जंताचं औषध पाजलं जातं. जंतांचा आणि दात खाण्याचा हा संबंध सिद्ध झालेला नाही. लहानपणी ही सवय अनेकांना असते आणि बहुतेकांची वयानुसार आपोआप सुटते. श्रेय मात्र औषधाला जातं!

खरं कारण मेंदूत आहे आणि ते फार विलक्षण आहे. आपली झोप सलग नसते. रात्रभरात मेंदू अनेकदा काही सेकंदांपुरता किंचित जागा होतो आणि सकाळी आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. दात खाणाऱ्यांमध्ये अशा वेळी घटना ठरावीक क्रमाने घडतात. आधी सिंपथेटिक मज्जासंस्था, म्हणजे शरीराला सावध करणारी यंत्रणा, सक्रिय होते. स्नायू आवळण्याच्या सुमारे 4 सेकंद आधी मेंदूच्या आलेखात जलद लहरी दिसतात. मग हृदयाचे ठोके वाढतात, जबडा उघडणारे स्नायू हलतात आणि सगळ्यात शेवटी गालातला मॅसेटर हा चावण्याचा स्नायू आवळतो, साधारण सेकंदाला एकदा, म्हणजे घास चावण्याच्याच लयीत. दात या साखळीत अगदी शेवटी येतात. म्हणून केवळ ही सवय मोडावी यासाठी दंतवैद्याकडून चांगले दात तासून त्यांची ठेवण 'दुरुस्त' करून घेऊ नये.

झीज मात्र दातांचीच होते. इनॅमल, म्हणजे दातावरचं बाहेरचं कवच, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे झिजलेलं इनॅमल पुन्हा तयार होत नाही. इनॅमलखालचा थर, म्हणजे डेंटीन, त्यापेक्षा मऊ असतं, ते भराभर झिजतं आणि थंड पाणी झोंबू लागतं.

इथे नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, कामी येतो. त्याचं कडक अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक इनॅमलपेक्षा मऊ असल्याने दातांऐवजी तोच झिजतो. काही महिने वापरलेला गार्ड उजेडात तिरका धरला, तर त्यावर चकचकीत घासलेले पट्टे दिसतात. म्हणजे दात खाणं चालूच आहे, त्यामुळे 'सवय कायमची घालवतो' अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. गार्ड दंतवैद्याकडून मापाने बनवून घ्यावा. थोडेच दात झाकणारा गार्ड सतत वापरला, तर दात जागचे हलू शकतात. मऊ रबरी गार्डवर काही जण उलट जास्तच जोरात चावतात. घोरताना श्वास अडकत असेल, तर गार्डच्या आधी झोपेची तपासणी करून घ्या. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात खाणं सुरू होतं, पण त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.