कालवडीसाठी शुक्राणूंची निवड : विद्युतभाराचा वापर कसा आला

फलटण, पलूस, वाळवा या भागांत कालवडच व्हावी म्हणून गाय भरताना वापरली जाणारी लिंगविनिश्चित वीर्यमात्रा तयार करण्याच्या एका प्रमुख पद्धतीत विद्युतभाराचा वापर होतो. मात्र हा भार नेमका कशावर असतो, याविषयी गोंधळ आहे आणि तो जुना आहे. १९३० च्या दशकात रशियात सशांच्या शुक्राणूंवर प्रयोग करून एक्स (मादी जन्मवणाऱ्या) आणि वाय (नर जन्मवणाऱ्या) शुक्राणूंचा स्वतःचा भार वेगळा असतो, त्यामुळे विद्युतक्षेत्रात ते निरनिराळ्या ध्रुवांकडे सरकतात, असा दावा करण्यात आला होता. पुढे इतरांनी तो पडताळून पाहिला तेव्हा निष्कर्ष एकसारखे आले नाहीत, तरी ही कल्पना कित्येक दशके टिकून राहिली.

यशस्वी ठरलेल्या पद्धतीत शुक्राणूच्या अंगच्या भाराला काहीच महत्त्व नाही. १९६५ मध्ये न्यू मेक्सिकोतील अणुसंशोधन प्रयोगशाळेत, रक्तपेशी आकारमानानुसार निवडण्यासाठी, शाईचे थेंब उडवणाऱ्या छपाईयंत्राचे तंत्र उचलण्यात आले. द्रवाची बारीक धार कंपनाने थेंबांत तुटते. हवी असलेली पेशी ज्या थेंबात आहे तो धारेपासून सुटण्याच्या क्षणी धारेला विद्युतदाब दिला की भार त्या थेंबावर राहतो आणि पुढच्या दोन पट्ट्यांमधून जाताना तो बाजूला वळतो. भार थेंबाला दिला जातो, पेशी केवळ त्यातली प्रवासी असते.

निवडीचा निकष मात्र डीएनएचा आहे. वळूच्या एक्स शुक्राणूत तो वायपेक्षा सुमारे ३.८ टक्के जास्त असतो आणि रंगद्रव्य लावून लेसरखाली हा फरक मोजता येतो. या मार्गाने निवडलेल्या शुक्राणूंपासून सशांची पिल्ले जन्मल्याचे १९८९ मध्ये अमेरिकेत जाहीर झाले.

आपल्याकडे या तंत्राची चर्चा कांडीच्या, म्हणजे वीर्यमात्रा भरलेल्या बारीक नळीच्या, किमतीभोवतीच फिरते. वास्तविक १९९५ मध्ये संमत झालेला आणि २०१५ मध्ये लागू झालेला बैल-वळूंच्या कत्तलीवरील बंदीचा राज्य कायदा तिच्या केंद्रस्थानी असायला हवा, कारण शेतकाम ट्रॅक्टरवर गेल्यानंतर संकरित गोऱ्ह्याला कामही उरले नव्हते आणि या कायद्याने त्याला गोठ्याबाहेर काढण्याची वाटही बंद केली. माणसांतील अशा लिंगनिवडीला २००३ च्या कायदादुरुस्तीने मनाई झाली. जनावरांत ती अनुदानपात्र ठरली. नेहमीच्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू भरले जातात, तर निवडलेल्या कांडीत वीस लाखांच्या आसपासच, म्हणून गाय उलटण्याचे, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येण्याचे, प्रमाण वाढते आणि ही कांडी आधी निरोगी, पुरेशा वजनाच्या कालवडींसाठी सुचवली जाते.