सांगू नकोस, ओठावर आहे!

मित्रमंडळींत जनरल नॉलेजचे प्रश्न टाकायचा खेळ रंगला की एक अलिखित नियम लागू होतो. कोणी ‘थांब, सांगू नकोस, ओठावर आहे’ म्हणालं की उत्तर फोडायचं नाही. डोक्याला जितका ताण द्याल तितकी स्मरणशक्ती तल्लख होते, असा त्यामागचा समज. हा समज मला अजिबात पटत नाही.

समजा प्रश्न आहे : शनीचा टायटन हा चंद्र कोणी शोधला? आकाशदर्शनाचा नाद असलेला गडी म्हणतो, “१६५५. डच माणूस. ह वरून नाव आहे... हर्शेल! छे, तो युरेनसवाला.” साल ठाऊक, देश ठाऊक, आद्याक्षरही ठाऊक. हायगेन्स तेवढा गायब.

१९६६ साली रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये ही अवस्था मुद्दाम घडवून आणली. क्वचित वापरातल्या शब्दाची व्याख्या वाचून दाखवायची आणि शब्द विचारायचा. अडकलेल्या विद्यार्थ्यांना शब्द सांगता येत नव्हता, पण त्याचं पहिलं अक्षर आणि लांबी यांचे अंदाज नुसत्या नशिबाने जमतील त्यापेक्षा बरेच अचूक निघाले. शब्द पुसला गेलेला नव्हता, अर्ध्या वाटेवर होता.

ही वाट कशी असते? मेंदूत शब्द एका कप्प्यात अख्खा ठेवलेला नसतो. अर्थाचं जाळं वेगळं, ध्वनींचं वेगळं. आधी अर्थ जागा होतो, तो नेमका शब्द निवडतो, आणि त्या शब्दाकडून उत्तेजना ‘हाय’, ‘गेन्स’ अशा ध्वनींकडे जाते. डेबोरा बर्क आणि डोनाल्ड मॅके यांच्या मांडणीनुसार घोळ या शेवटच्या टप्प्यात होतो. जो शब्द कमी वापरला जातो किंवा बऱ्याच दिवसांत उच्चारलेला नसतो, त्याची ध्वनींशी असलेली जोडणी कमजोर पडते. पाटाला पाणी सुटलंय, पण टेलच्या शेतापर्यंत पोचतच नाही, तशी गत.

विशेषनामांचं तर विचारूच नका. फोटोतला माणूस धंद्याने सोनार आहे असं सांगितलं तर लक्षात राहतं; त्याचं आडनाव सोनार आहे म्हटलं तर विसरायला होतं. धंदा म्हटलं की मूस, तराजू, पेढी अशा कितीतरी बाजूंनी त्या शब्दाकडे जाता येतं. आडनावाकडे जाणारी वाट एकच. (मूळ प्रयोग इंग्रजीतल्या ‘बेकर’ या आडनावावर झाला.)

मग मध्येच हर्शेल कुठून टपकतो? तो आडवा येतो म्हणून खरं नाव अडतं, असं पूर्वी मानत. बर्क-मॅके उलट सांगतात : खगोल, दुर्बीण, ह हे सगळं दोघांत सामाईक असल्याने हर्शेलही अर्धवट जागा होतो, आणि त्याच्या जोडण्या जास्त वापरातल्या असल्याने तो आधी बाहेर पडतो. म्हणजे हर्शेल हे अडण्याचं कारण नव्हे, अडल्याचा परिणाम.

म्हणूनच ‘अरे, लंबकाचं घड्याळ बनवणारा तोच!’ ही हिंट इथे फुकट जाते. अर्थाची बाजू आधीच जागी आहे. नुसतं ‘हाय...’ म्हणा आणि गंमत बघा. अर्थात ज्याला उत्तराचा पत्ताच नाही, त्याला मात्र घड्याळच सांगावं लागेल.

आता त्या अलिखित नियमाकडे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात कॅरिन हम्फ्रीज आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने अडकलेल्या लोकांना कधी १० सेकंदांनी उत्तर सांगितलं, कधी ३० सेकंदांनी. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ज्या शब्दांवर जास्त वेळ झगडणं झालं होतं, त्यांवरच लोक पुन्हा जास्त वेळा अडकले. त्या वीस जादा सेकंदांत मेंदूने अडकण्याचाच सराव केला होता! पुढच्या अभ्यासात दिसलं की आवाजाच्या हिंटवरून का होईना, पण उत्तर स्वतः काढलं, तर पुढच्या खेपेला अडकणं कमी होतं.

वय वाढतं तसं नावांवर अडकणंही वाढतं, निरोगी मेंदूतही. अर्थ शाबूत असतो, जोडण्या मात्र सैल पडतात. या भीतीवर स्मरणशक्तीच्या सिरपचा धंदा चालतो. मुलांसाठी मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनचे, म्हणजे मधला मेंदू जागा करून देतो म्हणणारे, वर्ग आहेतच : हजारो रुपये भरा आणि पोराला डोळ्यांवर पट्टी बांधून वाचताना बघा. पट्टी नाकापाशी नीट चिकटवली की ते वाचन बंद पडतं.