पंखवाला सांगाडा कुठून आला

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय म्हणून अर्धं पुणं वाटी-चमचा घेऊन देवळांपुढे रांगेत उभं होतं. आमच्या आळीतल्या देवळात मीही चमचा सोंडेला टेकवला. दूध कमी होत गेलं, ते खरंच. पण मूर्तीच्या पोटावरून एक बारीक ओली रेघ उतरत होती, आणि चौथऱ्याशी दुधाचं थारोळं साचलं होतं. पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि दगडावरून पातळ थरात ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून लगेच दाखवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुला मेलं ओघळच दिसायचं!"

दोनच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १९९७ ला, अमेरिकेत 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचा 'लिसा द स्केप्टिक' हा भाग दाखवला गेला. मॉलच्या जागेवर खणताना पंख असलेला सांगाडा सापडतो. गाव म्हणतं देवदूत, शाळकरी लिसा म्हणते पुरावा आणा. तिचा बाप होमर मात्र तो गॅरेजात ठेवून तिकीट लावतो.

या तिकिटामागे जुनी हकिकत आहे. जॉर्ज हल हा तंबाखूवाला, पक्का नास्तिक. बायबलातल्या महाकाय माणसांवरून त्याचं एका धर्मोपदेशकाशी वाजलं. मग पठ्ठ्यानं जिप्समचा दहा फुटी माणूस कोरून घेतला, न्यूयॉर्क राज्यातल्या कार्डिफ गावी नातेवाइकाच्या शेतात पुरला, आणि १६ ऑक्टोबर १८६९ ला विहीर खणताना तो 'सापडला'. लोक पैसे मोजून बघायला लोटले. सर्कसवाल्या बार्नमला तो विकत मिळेना, तेव्हा त्यानं नक्कल बनवून तीच खरी म्हणून मांडली! म्हणजे श्रद्धेची ही जत्रा भरवली ती न मानणाऱ्यानंच.

मालिकेत ते काम मॉलवाले करतात, जाहिरात म्हणून. सूर्यास्ताला शेवट होणार असं सांगाड्यावर लिहिलेलं असतं, आणि होतो तो चढ्या किमतींचा शेवट. त्याआधी चिडलेला जमाव विज्ञानाच्या संस्था फोडतो. हे दृश्य विनोदी आहे खरं. पण २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यापासून मला तिथे हसू येत नाही.

सगळ्यांचं लक्ष पंखांकडे जातं. मी बघतो ते लिसाचा हात. सांगाड्यातून आवाज घुमतो तेव्हा तिनं आईचा हात घट्ट आवळलेला असतो, आणि आई नंतर तिला ते हळूच बोलून दाखवते. सोंडेला चमचा लावताना माझाही हात थरथरला होता. काकूंना ते सांगायचं राहिलं.