टेक्सासमध्ये सहावी ते आठवीचे अॅडव्हान्स्ड मॅथ : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

टेक्सासच्या सार्वजनिक शाळांमध्ये सहावीच्या अॅडव्हान्स्ड मॅथसाठी बहुतेक पात्र मुलांना आता अर्ज करावाच लागत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट भारतातून आलेल्या पालकांच्या ध्यानात उशिरा येते. २०२३ साली संमत झालेल्या सिनेट बिल २१२४ मुळे टेक्सास शिक्षण संहितेत कलम २८.०२९ आले. त्यानुसार प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेला) आणि चार्टर शाळेला (सरकारी निधीवर स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेला) असा कार्यक्रम आखावा लागतो की मुलांना ‘अल्जिब्रा वन’ हा हायस्कूलचा पहिला बीजगणिताचा विषय आठवीतच घेता येईल. पाचवीच्या गणिताच्या स्टार परीक्षेत (राज्याच्या वार्षिक चाचणीत), किंवा डिस्ट्रिक्टने ठरवलेल्या स्थानिक निकषावर, जी मुले वरच्या ४० टक्क्यांत येतात, त्यांना सहावीत प्रगत (अॅडव्हान्स्ड) वर्गात आपोआप घातले जाते. पालकांना ते नको असेल तर तसे कळवून मुलाला त्यातून बाहेर ठेवता येते. थोडक्यात, पात्र मुलाच्या बाबतीत पालकांना काही करावे लागते ते फक्त नकार द्यायचा असेल तर.

अर्जाची गरज तिघांना पडते : ज्यांचे मूल ४० टक्क्यांच्या जरा खाली राहिले आहे, ज्यांनी पाचवीची स्टार परीक्षा दिलेलीच नाही (परराज्यातून वा परदेशातून आलेली मुले), आणि ज्यांना नेहमीच्या प्रगत मार्गापेक्षाही एक वर्ष पुढे जायचे आहे. या तिन्हींची वाट वेगळी आहे, पण त्याआधी या वर्गात शिकवतात काय, हे पाहायला हवे.

प्रगत वर्ग म्हणजे त्याच धड्यांची अवघड गणिते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात सहावी, सातवी आणि आठवी या तीन वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत बसवलेला असतो. सहावीच्या प्रगत वर्गात सहावीचा संपूर्ण आणि सातवीचा बराचसा भाग होतो, सातवीत सातवीचा उरलेला आणि आठवीचा भाग होतो, आणि आठवीत अल्जिब्रा वन सुरू होते. विभागणी डिस्ट्रिक्टनुसार थोडी बदलते. म्हणून सातवीत नव्याने दाखल झालेले मूल थेट प्रगत वर्गात बसले, तर इतरांनी आदल्या वर्षी शिकलेला सातवीचा भाग त्याच्याकडून सुटलेला असतो, आणि तो वर्गात पुन्हा शिकवला जात नाही. प्रवेश घेण्यापूर्वी काउन्सेलरकडून (शाळेतील मार्गदर्शकाकडून) त्या भागाची यादी मागून घ्यावी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी पुरा करावा.

निर्णय कधी घ्यायचा? पाचवीच्या जानेवारी ते मार्च या काळात, कारण बहुतेक शाळांत पुढील वर्षाच्या विषयनिवडीचे अर्ज तेव्हाच भरून घेतात. स्टार परीक्षा त्यानंतर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत होते आणि निकाल जूनमध्ये लागतो, त्यामुळे विषयनिवडीच्या वेळी भरलेली नोंद तात्पुरती समजावी आणि निकालानंतर ती एकदा तपासून घ्यावी. निकाल टेक्सास असेसमेंटच्या पालक पोर्टलवर दिसतो. त्यासाठी लागणारा मुलाचा स्वतंत्र संकेतांक शाळा देते.

मूल तयार आहे का, हे ठरवताना आपल्याकडे वेगावर फार भर दिला जातो. पाढे तोंडपाठ असणे आणि भराभर गुणाकार करणे चांगलेच. पण अल्जिब्रात मुले अडखळतात ती अपूर्णांक, गुणोत्तर आणि ऋण संख्या यांच्यापाशी. दोन तृतीयांश हे तीन पंचमांशपेक्षा मोठे का, हे मुलाला आकृती काढून किंवा बोलून समजावता येते का, आणि न सुटलेल्या गणितापाशी ते पंधरा मिनिटे स्वतःहून बसते का, या दोन गोष्टी मला गुणपत्रिकेपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतात. उलट बाजूही नोंदवायला हवी. नववीत अल्जिब्रा वन घेणारे मूलही भूमिती आणि अल्जिब्रा टू करून बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोहोचते. आठवीत सुरुवात केली तर बारावीत कॅल्क्युलस (कलन) घेता येते, आणि अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलाला त्याचा खरा उपयोग होतो. हा फरक पाहता आपोआप मिळालेली जागा नाकारू नये, पण न मिळालेली जागा हट्टाने मिळवण्यापूर्वी मात्र विचार करावा.

भारतातून येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात सातवी झालेल्या मुलाला अल्जिब्रा वन सहज जमेल, असे गृहीत धरू नये. दोन चलांतील रेषीय समीकरणे बालभारतीच्या नववीच्या पुस्तकात येतात, वर्गसमीकरणे आणि रेषेचा चढ दहावीत. टेक्सासच्या अल्जिब्रा वनमध्ये हे तिन्ही आहेत, शिवाय फल (फंक्शन) ही संकल्पना आणि घातांकी फले आहेत, आणि आलेख वाचण्यावर मोठा भर आहे. आकडेमोडीत आपले मूल पुढे असते आणि आलेखात मागे, असे चित्र बऱ्याच घरांत दिसते.

राज्याच्या नियमानुसार परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदी तपासून त्याला योग्य वर्गात लवकर बसवणे ही डिस्ट्रिक्टची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी शाळा स्वतःची चाचणी घेऊ शकते. तेव्हा नेहमीच्या प्रवेशाच्या कागदांबरोबर, म्हणजे जन्मदाखला किंवा पासपोर्ट, लसीकरणाची नोंद, भाडेकरार किंवा वीजबिल आणि पालकाचे ओळखपत्र यांच्याबरोबर, शाळा सोडल्याचा दाखला, मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि गणिताच्या पुस्तकाची अनुक्रमणिका इंग्रजी भाषांतरासह द्यावी. अनुक्रमणिका कोणी मागत नाही, पण ‘सातवी’ म्हणजे नेमके काय शिकले, हे काउन्सेलरला त्यावरूनच कळते. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसल्याने प्रवेश अडत नाही. शाळा पर्यायी क्रमांक देते. सातवीसाठी टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकॉकल (मेंदूज्वर) या लसी लागतात, त्यांपैकी दुसरी भारतात बहुधा घेतलेली नसते. घरच्या भाषेच्या प्रश्नावलीत मराठी लिहिण्यास घाबरू नये. त्यानंतर मुलाची इंग्रजीची चाचणी होते, आणि इंग्रजी कच्चे असणे हे गणितात मागे ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही, हे गरज पडल्यास नम्रपणे सांगावे.

परीक्षा देऊन पुढे जाणे

संहितेच्या कलम २८.०२३ नुसार सहावी आणि त्यापुढील विद्यार्थ्याला एखादा विषय वर्गात न शिकता केवळ परीक्षा देऊन पूर्ण करता येतो. याला ‘क्रेडिट बाय एक्झाम’ म्हणतात (क्रेडिट म्हणजे विषय पूर्ण केल्याची अधिकृत नोंद). आधी शिक्षण न घेता परीक्षा देणाऱ्याला किमान ८० टक्के गुण लागतात. वर्षाच्या चार तिमाहींपैकी प्रत्येकीत डिस्ट्रिक्टला परीक्षेची संधी द्यावी लागते, आणि तिच्यासाठी शुल्क आकारता येत नाही. नोंदणी काउन्सेलरमार्फत होते; अर्जावर विषयाचे नाव, परीक्षेचा कालावधी आणि पालकाची सही लागते, आणि अंतिम तारीख परीक्षेच्या बऱ्याच आधी असते. एका विषयासाठी दोनच प्रयत्न मिळतात. तो विषय ज्या वर्षी नेहमीच्या क्रमाने घ्यायचा असतो, ते वर्ष सुरू होण्यापूर्वी उत्तीर्ण झाले नाही, तर वर्गात बसूनच तो पूर्ण करावा लागतो. अल्जिब्रा वनची परीक्षा अशा रीतीने ८० टक्क्यांनी पार केली, तर गुण ट्रान्स्क्रिप्टवर (हायस्कूलच्या अधिकृत गुणपत्रकावर) चढतात आणि त्या विषयाची वर्षअखेरची राज्य परीक्षा माफ होते. हा मार्ग मी फार थोड्या मुलांना सुचवेन. उन्हाळी शिकवणीत आठ आठवड्यांत उरकलेले बीजगणित ८० टक्के मिळवून देते खरे, पण दोन वर्षांनी अल्जिब्रा टूमध्ये त्याची उणीव उघडी पडते.

शाळेने नकार दिला तर कलम २६.००३ पाहावे. मुलाला त्याच्या इयत्तेच्या वरच्या वर्गात क्रेडिटसाठी बसू द्यावे, अशी विनंती करण्याचा हक्क ते पालकाला देते. ते मूल तेथे समाधानकारक कामगिरी करू शकणार नाही असे डिस्ट्रिक्टच्या विश्वस्त मंडळाला वाटत नसेल, तर विनंती अकारण नाकारता येत नाही. अर्ज लेखी असावा, मुख्याध्यापकांकडे द्यावा आणि सोबत स्टारचा निकाल, गुणपत्रके आणि शक्य असल्यास गणिताच्या शिक्षकांचे पत्र जोडावे. यावर विश्वस्त मंडळाचा निर्णय अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

आठवीत अल्जिब्रा वन घेतले की तो हायस्कूलचा विषय ठरतो, त्याचे क्रेडिट ट्रान्स्क्रिप्टवर जाते आणि आठवीच्या गणिताच्या स्टारऐवजी अल्जिब्रा वनची वर्षअखेरची परीक्षा द्यावी लागते. ती हायस्कूल पूर्ण करण्यासाठी आवश्यक आहे, मात्र नापास झाल्यास पुन्हा देता येते. अशा मुलांना हायस्कूलमध्ये एसएटी किंवा एसीटी या महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षांपैकी एक परीक्षाही द्यावी लागते. आठवीतल्या अल्जिब्रा वनचा गुण जीपीएमध्ये (हायस्कूलच्या सरासरी गुणांकात) आणि वर्गक्रमांकात धरला जातो की नाही, हे मात्र डिस्ट्रिक्ट ठरवते, म्हणून आठवीचा विषयनिवडीचा अर्ज भरण्यापूर्वी हा एक प्रश्न काउन्सेलरला ईमेलने विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे. वर्ष सुरू झाल्यावर मूल झेपत नाही म्हणू लागले, तर वर्ग बदलण्याची मुदत बहुतेक शाळांत पहिल्या काही आठवड्यांतच संपते.